आजीची वाकळ वाट्याला आली, आता काय करायचं?

आजी गेली तेव्हा तिच्या दोन वाकळा माझ्या वाट्याला आल्या. त्यातली एक मी पहिल्याच महिन्यात संपवली. घराजवळच्या लाँड्रोमॅटमधल्या सगळ्यात मोठ्या मशीनमध्ये ती कोंबली, गरम पाण्यात धुतली आणि तासभर ड्रायरमध्ये फिरवली. बाहेर आली तेव्हा तिचा उन्हात वाळलेल्या पापडासारखा चोळामोळा झाला होता. सुती जुनेरं आकसली होती, बाबांच्या टेरिकॉट पँटचे तुकडे होते तेवढेच राहिले होते, आणि या ओढाताणीत मधला दोरा जागोजागी तुटला होता. आजीचे चार महिने मी सव्वा तासात उसवले.

दुसरी वाकळ अजून धड आहे. ती धड ठेवताना जे शिकले ते इथे लिहिते आहे. घरात अशी गोधडी आहे पण तिचं करायचं काय ते ठाऊक नाही, अशांसाठी हे आहे. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, त्यामुळे बेसमेंट, बाथटब वगैरे इथलं येईल. पुण्या-मुंबईतल्यांनी त्या जागी माळा आणि मोरी वाचावी.

आजी मूळची माण तालुक्यातली, म्हसवडजवळची. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेला अमेरिकेचा तांबडा मिलो (ज्वारीचाच प्रकार) नाक मुरडत खाल्लेली बाई, आणि १९८७ साली बाबांनी तिला त्याच देशात आणलं. येताना बॅगेत जुनी लुगडी भरून आणली होती. इथे पहिल्या हिवाळ्यात तिने वाकळ शिवायला घेतली. गावाकडे सारवलेल्या जमिनीवर चार बायका चार कोपऱ्यांना बसायच्या. इथे ती एकटी, खाली कार्पेट. पहिल्या दिवशी दुपारभर टाके घातले आणि उचलायला गेली तर वाकळ कार्पेटला शिवलेली. मग बाबांनी तिला प्लायवूडची फळी आणून दिली.

नावापासून सुरुवात, कारण त्यात काम अडकलंय

साताऱ्या-कोल्हापूरकडे वाकळ, इतरत्र बहुतेक ठिकाणी गोधडी, बाळाची असेल तर दुपटं. रजई वेगळी. रजईत कापूस भरलेला असतो आणि अमेरिकन क्विल्टमध्येही मधे कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा थर असतो. आपल्या गोधडीत भरण असं काही नसतं. वर ठिगळं, मधे दोन-तीन जुनेरं, खाली एखादी चादर किंवा अख्खं लुगडं, आणि सगळ्यांना आरपार धरणारा धावदोरा. म्हणून क्विल्ट जपण्याच्या इंग्रजी सूचना अर्ध्याच कामाला येतात. क्विल्ट बहुधा नव्या, एकसारख्या सुती कापडाची असते. गोधडीतलं प्रत्येक कापड आधी एक आयुष्य जगून आलेलं असतं आणि शेजारच्याशी त्याचं जमेलच असं नाही.

पायरी १ : पंधरा दिवस काहीही करू नका

खरंच काही करू नका. धुऊ नका, इस्त्री फिरवू नका, सुटलेला दोरा ओढू नका. कपाटातला वास आला तर सावलीत, वारा लागेल अशा खोलीत स्वच्छ चादरीवर पसरून ठेवा. निम्मा वास एवढ्यानेच जातो.

पसरलीच आहे तर तिचा नकाशा काढा. हे काम मला सगळ्यात जास्त आवडलं. मोठ्या कागदावर गोधडीचा चौकोन काढायचा, प्रत्येक ठिगळाला आकडा द्यायचा आणि शेजारी वहीत लिहायचं: १, आबांच्या धोतराचा काठ, २, आत्याचं शाळेतलं परकर-पोलकं, ३, ठाऊक नाही. दिवसाउजेडी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला व्हिडिओ कॉल लावा आणि एकेक ठिगळ दाखवत विचारा. "ही गोधडी कुणाची?" असं विचारलंत तर "आईची" एवढंच उत्तर येतं. "हे निळं ठिगळ कशाचं?" असं विचारलंत तर बोलणं तासभर चालतं. माझ्या आत्याने एका जांभळ्या तुकड्यावरून बाबांच्या परीक्षेच्या दिवशी सुजलेल्या डोळ्याची गोष्ट सांगितली. बाबा ती आजवर सगळ्यांपासून लपवून होते.

नकाशा धुण्याआधीच का काढायचा? कारण कुठल्या ठिगळाला पाणी चालेल ते त्यावरूनच ठरतं.

पायरी २ : कापड ओळखा

नुसतं बघून सुती आणि टेरिकॉट ओळखता येत नसेल तर दोऱ्याचा जाळ बघा. ठिगळाच्या कडेला आपोआप सुटलेला, नखाएवढा धागा चिमट्यात धरून सिंकवर पेटवायचा. सूत कागदासारखं भुरकन जळतं आणि मऊ राख राहते. टेरिकॉट, टेरिलीन, नायलॉन वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. खरं रेशीम जळलेल्या केसांसारखा वास देतं. धागा कापून काढायचा नाही, सुटलेला असेल तरच घ्यायचा.

याचा उपयोग असा:

सूत ओलं झालं की उलट जास्त मजबूत होतं. म्हणूनच गावाकडच्या सुती वाकळा वर्षानुवर्षं ओढ्यावर बदडल्या तरी टिकल्या. रेशीम ओलं झालं की कमजोर होतं. आणि 'आर्ट सिल्क' म्हणून ज्या साड्या घरोघर होत्या, त्यातलं रेयॉन ओलं झालं की फारच दुबळं होतं, नुसत्या स्वतःच्या वजनानेही फाटू शकतं. इरकलीसारख्या लुगड्यात अंग सुती असलं तरी काठ-पदर रेशमी असतो, हे विसरू नका. गोधडीत काठाचे तुकडे हटकून सापडतात, कारण लुगडं मधे विरलं तरी काठ शाबूत राहतो.

नियम सोपा आहे. सगळं सूत असेल आणि रंग पक्के असतील तरच पाणी. रेशीम, रेयॉन किंवा जरीचे तुकडे असतील तर पाणी नाही, फक्त पायरी ३.

पायरी ३ : धूळ काढा

झटकायची नाही. काठीने झोडपायची तर अजिबात नाही. व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडाला पातळ जाळी, डासांच्या जाळीचा तुकडाही चालतो, रबराने बांधा. मशीन सगळ्यात कमी जोरावर ठेवा. नळी घासत न्यायची नाही, उचलून एका जागी टेकवायची, मग पुढच्या जागी. दोन्ही बाजू करा. डबल बेडच्या गोधडीला मला दीड तास लागला. बऱ्याच गोधड्यांना एवढं पुरतं, धुवायची गरज पडत नाही.

याच वेळी कसर बघा. लोकांचा समज असा की कसर काहीही खाते. वस्तुतः लोकर-रेशीम खाणारी पतंगाची अळी वेगळी, आणि खळ दिलेल्या सुती कापडावर ताव मारणारा, चंदेरी अंगाचा, तुरुतुरु पळणारा किडा वेगळा. आजीची लुगडी भाताच्या पेजेची खळ दिलेली, म्हणजे त्याला ताट वाढूनच ठेवलेलं.

शिवाय आमच्या आजीची एक रीत होती. वाकळ पुरी होत आली की शेवटच्या कोपऱ्यात तांदळाचे चार दाणे टाकून ती टाके घालायची. "वाकळ उपाशी न्हाय ठिवायची." कोपरा चाचपला की दाणे अजून हाताला लागतात. सल्ला देणाऱ्या एका अमेरिकन बाईंनी कोपरा उसवून दाणे काढून टाका म्हणून सांगितलं. मी नाही काढले.

त्याऐवजी वाकळ फ्रीझरमध्ये घातली. किडे-अंडी मारण्याचा हा बिनऔषधी उपाय आहे आणि संग्रहालयंही तो वापरतात. कोरडी गोधडी (ओलसर असेल तर नाही) मांजरपाटात गुंडाळा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून चिकटपट्टीने तोंड बंद करा. उणे १८ अंशाच्या घरगुती फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस तशीच ठेवायची. नाहीतर थंड कापडावर दव धरतं. आमच्याकडे त्या पंधरवड्यात आइस्क्रीमला जागा उरली नव्हती आणि मुलांनी आजीला त्याबद्दल माफ केलेलं नाही.

पायरी ४ : धुवायचीच असेल तर

आमच्याकडे घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला निघत. पावसाळ्याची ओल गेलेली असते, ऊन कडक असतं आणि ओढ्याला पाणी असतं. न्यू जर्सीत ओढा नाही, पण सप्टेंबरअखेरचे कोरडे दिवस तेवढेच सोयीचे. दमट जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका, चार दिवस वाळणार नाही.

आधी रंग तपासा. प्रत्येक वेगळ्या रंगाच्या ठिगळावर पाण्याचा एक थेंब टाका, मिनिटभर मुरू द्या, मग पांढरं सुती फडकं दाबून धरा. साबणाच्या पाण्यानेही तसंच करा. लाल, मरून आणि काळ्या रंगाला दोनदा तपासा. एका ठिगळाचा जरी रंग उतरला तरी धुणं रद्द. इथे मन घट्ट करा. पांढऱ्या धोतरावर उतरलेला लाल रंग परत निघत नाही.

पास झाली तर:

बाथटब घासून स्वच्छ करा, क्लीनरचा अंशही राहू देऊ नका. तळाला जुनी चादर अंथरा, तिची टोकं टबाबाहेर ठेवा. ही तुमची झोळी. त्यावर गोधडी सैल घड्या घालून ठेवा आणि कोमट पाणी सोडा, ३० अंशांच्या आसपास, हाताला ना गरम ना गार लागेल असं. साबण सौम्य, बिनवासाचा आणि कापड शुभ्र दाखवणारी द्रव्यं नसलेला हवा. इथल्या क्विल्टवाल्या बायका ऑर्व्हस नावाचा साबण वापरतात, तो चांगला. एका टबाला मोठा चमचाभर पुरतो. रिठ्याचा मोह मलाही झाला होता, पण रिठ्याची तपकिरी झाक जुन्या पांढऱ्या सुतावर बसू शकते, म्हणून टाळला.

मग तळव्याने हलके हलके दाबायचं. घासणं, पिळणं, ब्रश काही नाही. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. वीस मिनिटांनी पाणी सोडून द्या आणि फेस पूर्ण जाईपर्यंत नव्या पाण्याने खंगाळा. मला सात पाणी लागली. साबण राहिला तर कापड पिवळं पडतं, म्हणून इथे कंटाळा नको.

आता सगळ्यात धोक्याचा क्षण: उचलणं. भिजलेली गोधडी कोरडीच्या दुप्पट-तिप्पट जड होते. दोन टोकांना धरून उचललीत तर टाके तुटतात, माझी मैत्रीण साक्षीला आहे. दोघांनी मिळून खालच्या चादरीच्या झोळीसकट उचला. जाड टॉवेलांवर पसरा, वरून टॉवेल टाकून दाबा, ओले टॉवेल बदला. तारेवर टाकायची नाही. सावलीत, आडवी, खाली चादर आणि वरही पातळ चादर, पंखा लावून. मधे एकदा उलटी करायची. वाळायला माझ्या वाकळीला दोन दिवस लागले.

ड्रायक्लीन चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर नाही. तिथेही कापड ड्रममध्येच गरागरा फिरतं, आणि विरलेल्या कापडाला त्या फिरण्याचाच धोका असतो.

पायरी ५ : दुरुस्ती

दोन प्रकारची माणसं असतात. एकाला प्रत्येक भोक बुजवायचं असतं, दुसऱ्याला हातच लावायचा नसतो. मी मधली. भोक वाढत असेल तरच सुई घ्यावी.

दोरा सुतीच हवा. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही, पण ताण आला की तो भोवतालचं जुनं कापड कापतो. नवा दोरा जुन्या कापडापेक्षा अशक्त असावा, म्हणजे तुटलाच तर दोरा तुटेल. सुई बारीक आणि लांब. आजी दाभण वापरायची, पण तेव्हा कापड धड होतं.

फाटलेल्या ठिगळावर नवं ठिगळ लावायचं तर जुनं काढू नका, त्याच्यावरच बसवा. आजीने स्वतः तेच केलंय. माझ्या वाकळीत एका जागी तीन ठिगळं एकावर एक आहेत, खालचं १९८७चं आणि वरचं माझ्या भावाच्या फ्लॅनेलच्या पायजम्याचं. नवीन कापड आधी दोनदा धुऊन घ्या, नाहीतर पुढच्या धुण्यात तेवढंच आकसेल. कडा आत दुमडून हेम टीप घाला, मग आजीच्या धावदोऱ्याच्या ओळी शेजारून तुमचा धावदोरा न्या. तिचे टाके तांदळाएवढे, माझे चवळीएवढे. चालतं. कुठलं काम कुणाचं ते उघड दिसावं, आणि वहीत तारीख लिहावी.

रेशमी तुकडा घडीवर चिरत चालला असेल तर त्यावर त्याच रंगाची पातळ नेट ठेवून कडेने, धड कापडात, सैल टाके घालावेत. चिरलेल्या रेशमात सुई घालू नये, प्रत्येक टोचणीने एक नवी चीर पडते.

फार खराब असेल, बुरशी असेल किंवा पाण्यात सापडलेली असेल तर जाणकाराकडे जा. अमेरिकेत अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कॉन्झर्वेशन या संस्थेच्या यादीत कापडाचं संवर्धन करणारे लोक शोधता येतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून बघा. खर्च येतो, आधी अंदाज मागा.

पायरी ६ : ठेवायची कुठे

बेसमेंट नको, तिथे ओल. माळा किंवा ॲटिक नको, तिथे भट्टी. घरात आपण जिथे राहतो तिथल्याच एखाद्या कपाटात ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नसलेल्या. आपल्याला जी हवा मानवते तीच कापडाला मानवते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कायमची ठेवू नका, आतली ओल आतच राहते. हवा काढून चपटी करायच्या त्या पिशव्या तर नकोच, घड्या कायमच्या बसतात. लाकडी फळीवर थेट ठेवलीत तर लाकडातल्या आम्लाने तपकिरी डाग पडतात, लोखंडी ट्रंकेत गंज.

उपाय स्वस्त आहे. दोन-तीन मीटर मांजरपाट आणा, गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढा आणि गोधडी त्यात गुंडाळा. घड्या कमीत कमी घाला, प्रत्येक घडीत जुन्या सुती कापडाची वळकटी ठेवा म्हणजे घडी धारदार होत नाही. त्याहून बरं म्हणजे जाड नळीवर मांजरपाट चढवून गोधडी सैल गुंडाळणं.

वर्षातून दोनदा काढायची, संक्रांतीला आणि नवरात्राआधी. दिवसभर वारा द्यायचा, कसर बघायची आणि घडी वेगळ्या ठिकाणी घालायची. तारखा सणांशी बांधल्या की विसरत नाहीत.

डांबराच्या गोळ्या टाकू नका. वास वर्षानुवर्षं जात नाही आणि तो आपल्यालाही चांगला नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवायला हरकत नाही, फक्त कापडाला टेकता कामा नये, डाग पडतो. आणि पुरचुंडी ठेवली म्हणून बघायचं सोडू नका.

जुनं कापड किती टिकणार, असं कुणी म्हणालं तर त्याला अंबाजोगाईला पाठवा. संतकवी दासोपंतांनी सुमारे चारशे वर्षांपूर्वी कापडावर लिहिलेली पासोडी तिथे आजही आहे.

वापरायची की नुसती ठेवायची?

माझं मत: धड असेल तर अधूनमधून वापरा. अंगावर न घेतलेली वाकळ म्हणजे फडकी. फक्त कुत्र्या-मांजरापासून लांब, आणि वरून सुती खोळ. भिंतीवर टांगायची हौस असेल तर मागे वरच्या कडेला कापडी बोगदा शिवून त्यात काठी घाला, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडेल. खिळे, चिमटे नकोत. समोर खिडकी नको, आणि तीन-चार महिन्यांनी उतरवून तिला विश्रांती द्या.

नातवंडं चार आणि वाकळ एक, असा पेच बऱ्याच घरांत आहे. आमच्याकडे चुलतभावाने चार तुकडे करून चार उशा शिवायचं सुचवलं होतं. धावदोरा कापला की चारही तुकडे कडेपासून उसवत जातात, हे एक. आणि उशीत तोंड खुपसून आजी सापडणार नाही, हे दुसरं. आम्ही वर्षं वाटून घेतली. वहीही वाकळीबरोबर फिरते.

शेवटचं काम : नाव

वही हरवते, फोटो फोनसोबत जातात. म्हणून नाव गोधडीवरच हवं. मांजरपाटाची चार बोटं रुंद पट्टी घ्या, त्यावर रंगीत सुती दोऱ्याने नाव, गाव आणि साल भरा. पेनाने लिहू नका, शाई पसरते आणि कापड खाते. पट्टी मागच्या बाजूला कोपऱ्याजवळ लावायची. टाके फक्त खालच्या थरातून घ्यायचे, आरपार नाही, म्हणजे पुढे कुणाला काढावीशी वाटली तर काढता येईल.

मी आमची पट्टी तांदळाच्या कोपऱ्याशी लावली आहे. नावाखाली 'म्हसवड – एडिसन, १९८७' असं भरलंय. 'ड'ची शेपटी जरा वाकडी गेली. आत्या फोनवर म्हणाली, उसवून परत घाल. घालेन, नवरात्राआधी.